लग्नाचं कर्ज माझ्या नावावर, हप्ते सासरी गेल्यावर. होणाऱ्या नवऱ्याला सांगू का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचते, फार तर पाककृतींच्या धाग्यांवर लिहिते. आज जरा वेगळं विचारायचंय.

माझं लग्न वैशाखात ठरलंय. माहेर कराडजवळ, मी पुण्यात नोकरीला, हातात पगार ५२ हजार. मुलगाही पुण्यातच, आयटीत. मुलगा मला आवडलाय, घरचे बरे आहेत, तेव्हा 'मोडून टाक' हा सल्ला कृपया नको. हुंडा मागितलेला नाही. बैठकीत त्यांचे काका एवढंच म्हणाले, "आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या. फक्त लग्न तेवढं नीट करून द्या." मग यादी लिहायला घेतली. नीट म्हणजे लॉन, त्यांची चारशे आणि आमची चारशे माणसं, दोन्हीकडचा बस्ता, मानाचे फेटे, मुलाला चेन-अंगठी, मला गळ्यातलं आणि पाटल्या, आदल्या दिवशी हळद तिथेच, वरातीला बँजो की डीजे ते पोरं ठरवतील. मामांनी खाली सही केली आणि सुपारी फुटली.

घरी येऊन बेरीज केली तर साडेचौदा लाख. आबा कारखान्यातून निवृत्त झालेत. सगळ्या ठेवी मोडल्या तर साडेसहा होतात. आठ कमी. भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आबा तीन वाटा बघतायत: गावातला एकजण शेकडा तीनने द्यायला तयार आहे, नाहीतर रस्त्याकडेची पाच गुंठे विकायची, नाहीतर पतसंस्थेत जमीन तारण ठेवायची. मला तिन्ही नकोत. माझ्या बँकेचा मेसेज रोज येतोय: आठ लाख, पाच वर्षं, १४ टक्के, कागदपत्रं नकोत. ते घ्यावं असं मनात आहे.

आईचं म्हणणं, घे, पण सासरी कळू देऊ नकोस, पहिल्या दिवसापासून मान खाली जाईल. मला रात्री झोप लागत नाहीये. कर्ज घ्यावं का? आणि त्याला सांगावं का?

शेंगाचटणी
सांगायलाच पाहिजे. ५२ हजार पगार आहे हे त्यांना बैठकीतच कळलंय. महिन्याला १८-१९ हजार जातात कुठे, हे दिवाळीच्या आधी विचारतील. तेव्हा काय सांगणार, भिशी लावलीय?

हिशेबी नाना
बँकेच्या कर्जविभागात नोकरी झाली, म्हणून आधी आकडे.

८ लाख, १४ टक्के, ५ वर्षं: हप्ता साधारण १८,६०० रुपये. एकूण फेड ११ लाख १७ हजारांच्या आसपास, म्हणजे व्याज ३ लाख १७ हजार. हे शिल्लक रकमेवरचं व्याज झालं. बाहेर कोणी "फक्त ९ टक्के" म्हणालं तर ते सपाट दराने आहे का ते विचारायचं. ९ टक्के सपाट म्हणजे आठ लाखांवर पाचही वर्षं पूर्ण रकमेचं व्याज, हप्ता १९,३३३. शिल्लक रकमेच्या भाषेत तो दर पावणेसोळा टक्क्यांच्या घरात जातो. ऐकायला नऊ, द्यायला सोळा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ (रिटेल) कर्जाआधी मुख्य तथ्य पत्रक द्यावंच लागतं. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. मेसेजमधला दर बघू नकोस, तो कागद माग. कर्जासोबत विमा गळ्यात मारतात, तो तिथे उघडा पडतो.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. आठ लाखांवर महिन्याला २४ हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. पावणेतीन वर्षांत मुद्दलाइतकं व्याज जातं आणि आठ लाख उभेच राहतात. आबांना हा एक आकडा कागदावर लिहून दे, बाकी काही बोलू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न. तुम्ही दोघं लग्नानंतर फ्लॅट घेणार असालच. साडेआठ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो. तुझ्या नावावर १८,६०० चा हप्ता चालू असेल तर तुमची एकत्र पात्रता साधारण २१ लाखांनी खाली येते. आणि बँकेचा माणूस तुमच्या दोघांच्या समोर संगणकाच्या पडद्यावर सिबिलचा अहवाल, म्हणजे नावावरच्या सगळ्या कर्जांची कुंडली, उघडतो. माझ्या टेबलापुढे असे प्रसंग झालेत. नवरा-बायको पेढे घेऊन आलेले असायचे आणि जाताना एकमेकांशी बोलत नसायचे. तुझी आई म्हणते ते लपवणं जुन्या काळात जमत होतं, आता ते बँकच सांगते.

निळी छत्री
सगळे 'सांगच' म्हणणार, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

मी माझ्या लग्नासाठी घेतलं होतं. सांगितलं नाही. माझ्या पगारातून फेडलं आणि ते संपल्यावर सांगितलं. काही आभाळ कोसळलं नाही. माझा नवरा लग्नाआधीपासून गावी आईवडिलांना पैसे पाठवतो, धाकट्या भावाची फी भरतो. ते मला कोणी 'विचारून' केलं नव्हतं, आणि त्याला कर्तव्य म्हणतात. मुलगी आईवडिलांवरचा भार उचलते तेव्हा मात्र त्याचा खुलासा का द्यायचा? तुझा पगार लग्नाच्या दिवशी आपोआप सासरचा होत नाही. हे आधी मनात पक्कं कर, मग सांगायचं की नाही ते ठरव. सांगितलंस तरी परवानगी मागितल्यासारखं सांगू नकोस.

नानांचा सिबिलचा मुद्दा मात्र बरोबर आहे. आम्हाला फ्लॅट उशिरा घ्यायचा होता म्हणून निभावलं.

वऱ्हाडी ठेचा
काहून एवढं डोक्याले ताण देऊन राहिल्या बाप्पा? विवाह नोंदणी कार्यालयात जा, नोटीस द्या, तीस दिवस थांबा, तीन साक्षीदार घेऊन सह्या करा. फी शंभर-दोनशे रुपयांत. उरलेल्या साडेसहा लाखांत आबाले काशी दाखवा.

कृष्णाकाठची
@वऱ्हाडी ठेचा, हसले :) पण खरं सांगू? मला लग्न हवंय. शालू, हळद, मैत्रिणी, सगळं. मी काही साधेपणाची पुतळी नाही. आठशे माणसं तेवढी नकोत, त्यातली पाचशे मला ओळखत नाहीत.

@निळी छत्री, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाई शहाणी आहे." आणि मग म्हणाली, "बघ, तिनंपण सांगितलं नव्हतं." :(

टिळक रोड
इतकं कर्ज काढून लग्न करायचंच कशाला, हा मूळ प्रश्न आहे. आपल्या लोकांना मोठेपणाची हौस. शेतकरीसुद्धा लग्नात उधळतो आणि मग कर्जमाफी मागतो.

दप्तरखाना
@टिळक रोड, हे वाक्य दीडशे वर्षं जुनं आहे, आणि तेव्हाही ते तपासून पाहिलं गेलं होतं.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. त्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून बुडतो, ही समजूत तेव्हाच्या साहेबांतही होती. आयोगाने हिशेब तपासून लिहिलं की लग्न आणि सणांच्या खर्चाला कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. लग्नाचा खर्च मोठा असतो, पण तो आयुष्यात मोजक्या वेळा येतो. बुडवत होतं ते शेतसारा, दाणागोटा, बी-बियाणं यांसाठी काढलेलं किरकोळ कर्ज आणि त्यावर चढत जाणारं व्याज. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला तो याच सगळ्यातून.

म्हणजे लग्न स्वस्तात करू नये असं नाही. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजाने पहिलं लग्न लावलं ते भटजीवाचून आणि अगदी थोडक्यात. त्याला सत्यशोधक समाज स्थापन होऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. लग्नाचा खर्च हा विषय फुल्यांना इतका निकडीचा वाटला. पण त्यांनी शेतकऱ्याला उधळ्या म्हणून हिणवलं नाही, खर्च कोण करायला लावतो त्याच्याकडे बोट दाखवलं. या धाग्यातही यादी कोणी लिहिली ते बघा. ना मुलीने, ना तिच्या आबांनी.

(अवांतर झालं, क्षमस्व.)

शेंगाचटणी
अवांतर कसलं, हेच तर मूळ आहे. यादीवर सही मामाची आणि हप्ता भाचीचा!

बीडचा मास्तर
मी शाळेत शिकवतो. आमच्याकडचं सांगू का?

आमच्या ऊसतोड मजुरांच्या भागात लग्नाला बँक नसते, उचल असते, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेला पैसा. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम गावात येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागे उचल ठरते, लाखाच्या घरात, कधी त्याच्या वर. पोराच्या लग्नाला पैसा लागला की त्यातूनच उचलायचा. पोराचं लग्न झालं की एक कोयता वाढतो, म्हणजे आणखी एक उचल. पोरगी आमच्या वर्गातून का गायब होते, ते यात आलं. मागं पालात एकटी ठेवायची भीती आणि नव्या कोयत्याची उचल, दोन्ही गोष्टी एका लग्नात भागतात. तिचं वय कोणी विचारत नाही.

फेडायचं कसं? तोडीचा दर जानेवारी २०२४ च्या करारानंतर टनाला साधारण ३६६ रुपये. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरा, पहाटेपासून अंधार पडेस्तोवर. एक लाख फिटायला २७३ टन, म्हणजे १३७ दिवस. हंगाम तेवढाच असतो. मधी आजारपण, बाळंतपण, गाडी न येणं, सगळ्याचा खाडा. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावं लागतं.

ताईला कमी लेखायला नाही लिहिलं. तिचाही घोर खराच आहे. फक्त "लग्नाचं कर्ज" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर लॉन आणि ड्रोन येतं, म्हणून लिहिलं.

निळी छत्री
मास्तर, हे वाचून काही सुचत नाहीये. स्वतंत्र धागा काढाल का?

बीडचा मास्तर
परीक्षा झाल्या की काढतो.

कायद्याचं बोला
आबांना शेकडा तीनने द्यायला निघालेल्या गावातल्या माणसाबद्दल. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर ९ आणि विनातारण १२ टक्के, बिगरशेतकऱ्याकडून १५ आणि १८ टक्के, तेही वर्षाला. चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शेकडा तीन कुठल्याच खान्यात बसत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक धोका खास लक्षात ठेवा. असे लोक गहाणखत करत नाहीत, सरळ खरेदीखत करून घेतात. "पैसे दिलेस की उलटून देतो." रस्त्याकडेची जमीन म्हटल्यावर मला तीच शंका येतेय. सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व्यवहाराला पंधरा वर्षं व्हायच्या आत. मिळतेही. पण त्या सुनावण्यांत माणूस म्हातारा होतो.

आणि वीस हजार किंवा त्यावर कर्ज रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, दोन्ही बाजू शेतीवरच जगणाऱ्या असतील तर गोष्ट वेगळी. नातेवाईकांकडून हातउसने घेतलेत तरी खात्यातून घ्या, उद्या भाऊबंदकीतही तोच पुरावा.

मुलाचा बाप
मुलीकडच्यांचंच दुःख मोठं असं समजू नका. आमचा मुलगा शेती करतो, शिकलेला आहे, ठिबकवर बाग आहे. मुली मिळत नाहीत. शेवटी जमलं तेव्हा मुलीकडच्यांनी सांगितलं, आमच्याकडे काही नाही, दोन्हीकडचं तुम्ही करा. केलं. मध्यस्थाने वेगळे घेतले, ते इथे लिहायलाही लाज वाटते. पैसा कुठून आणला? सोसायटीचं पीककर्ज. तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्य पडतं, म्हणून सगळे तेच वापरतात. मार्च आला की कोणाकडून तरी चार दिवसांसाठी उचलायचे, भरायचे, पुन्हा काढायचे. नवं-जुनं. कागदावर पीक, प्रत्यक्षात मांडव.

हिशेबी नाना
@मुलाचा बाप, हे सर्रास चालतं हे बँकेलाही माहीत असतं. त्या चार दिवसांच्या पैशाला मात्र शेकडा पाचही लागतात. एका वर्षी ते जमलं नाही की खातं थकीत, शून्याचं व्याज जातं आणि खरोखरच पेरणीला पैसा लागतो तेव्हा सोसायटीचं दार बंद.

गुळाची ढेप
पीएफचं कोणी बोललं नाही. स्वतःच्या लग्नासाठी काढता येतो की. जुन्या नियमात सात वर्षं सदस्यत्व आणि आपल्या हिश्शाच्या निम्मी रक्कम असं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने बारा महिन्यांच्या सेवेनंतर काढू द्यायचं ठरवलं. ताईची नोकरी किती झाली? पोर्टलवर आज काय दाखवतंय ते बघा. व्याज नाही, हप्ता नाही.

हिशेबी नाना
व्याज नाही असं वाटतं. सव्वाआठ टक्क्यांची करमुक्त वाढ सोडतोय ते कोण मोजणार? तरी १४ टक्क्यांच्या कर्जापेक्षा बरं, हे मान्य. पाटल्या मात्र कर्ज काढून घेऊ नयेत. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याने लाख ओलांडले तेव्हापासून लग्नाच्या बजेटमध्ये सगळ्यात फुगलेला आकडा तोच. आईचं सोनं असेल तर ते मोडून घडव, घडणावळ जाईल तेवढीच. किंवा तात्पुरती नड असेल तर तेच तारण ठेव. अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारणाला १ एप्रिल २०२६ पासून किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत देता येतं, दर वैयक्तिक कर्जापेक्षा कमी असतो. पण नव्या नवरीने वर्षाच्या आत गळ्यातलं नेऊन काउंटरवर ठेवलेलं मी इतक्यांदा पाहिलंय, की कर्जाने सोनं घ्यायचं आणि सोन्यावर कर्ज काढायचं या फेऱ्यात पडू नकोस.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. नानांचा २४ हजारांचा आकडा आबांना लिहून दिला. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला 'नको' सांगून आले.

पण माझ्या कर्जाला अजून तयार नाहीत. म्हणतात, "लेकीच्या पैशानं लेकीचं लग्न करायचं, मग मी बाप कशाला?" आईला सासरची लाज वाटते आणि आबांना माझी. मी मधे.

शेंगाचटणी
आबांना म्हणावं, मुलाचं लग्न मुलाच्या पगारातून झालं तर त्याचे वडील मिशीवर ताव देऊन सांगतात, "पोराने स्वतःच्या हिमतीवर केलं."

कोल्हापुरी पायताण
ते बोलायला सोपं हाय. आमच्या वडिलांनी तीन बहिणींची लग्नं केली. कर्ज फेडता फेडता माझी दहावी-बारावी गेली आन् शेवटचे हप्ते मीच भरलं. पण त्यांना कोण म्हणालं असतं की पोरींनी भरायला पाहिजे होतं, तर ते जेवले नसते. तो माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी पैसे साठवतो, आन् ऐनवेळी कमी पडतात. तेव्हा हिशेब बरोबर असून चालत नाही. आबांना काहीतरी त्यांच्या नावचं ठेवायला लागतंय. जेवण त्यांचं, नाहीतर शालू त्यांचा. बघा इचारून.

निळी छत्री
+१. अगदी नेमकं.

कृष्णाकाठची
अपडेट. सांगितलं त्याला.

रविवारी भेटलो तेव्हा सगळं सांगितलं: आठ लाख, १८,६००, आईचं म्हणणं. तो बराच वेळ गप्प. मला वाटलं संपलं. मग म्हणाला, "माझ्या नावावरही साडेचार आहेत." मंगळसूत्र, त्यांच्याकडचं रिसेप्शन आणि घराची रंगरंगोटी. त्याच्या आईने त्याला बजावलं होतं, मुलीकडे बोलू नकोस, स्थळ हलकं वाटेल!

म्हणजे दोन घरं एकमेकांना दाखवण्यासाठी साडेबारा लाखांचं कर्ज काढणार होती आणि ते फेडणार होतो आम्ही दोघं. आधी हसलो, मग दोघांनाही राग आला, मग हॉटेलच्या बिलामागे हिशेब लिहिला.

वऱ्हाडी ठेचा
हे लय भारी झालं!!

हिशेबी नाना
त्याचं कर्ज सुरू झालंय की नुसतं मंजूर? सुरू झालं असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क करारात काय आहे ते बघायला सांग. मंजूरच असेल तर रक्कम कमी करून घेता येते. आणि ते बिल जपून ठेव, दोघांच्या सह्या घे. चेष्टा नाही करत.

टिळक रोड
आता तरी रिसेप्शन आणि लग्न एकत्र करा. एकच दिवस, एकच हॉल, खर्च निम्मा-निम्मा. २०२५ मध्ये मराठा समाजाच्या बैठकांत लग्नाची आचारसंहिता ठरली, पाहुणे मोजके, डीजे नको, प्री-वेडिंग नको. तिचा आधार घ्या. "आम्ही नाही म्हणत, समाजच म्हणतोय" असं काकांना सांगता येईल.

मुलाचा बाप
सांगता येईल. पण त्या बैठकीत हात वर करणाऱ्यांच्या घरची लग्नं आधी पाहून घ्या.

कृष्णाकाठची
दुसरी बैठक झाली. लिहायला उशीर झाला, कारण ती सरळ झाली नाही.

मामा आलेच नाहीत. "मी सही केलीय, आता मी कुठल्या तोंडानं जाऊ?" त्यांचे काका आले आणि पहिला तासभर यादीच वाचत बसले. बोलला तो माझा होणारा नवरा. दोन्ही कर्जांचे आकडे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. त्याच्या आईचा चेहरा पडला, मला वाईटच वाटलं. मग आबा म्हणाले, जेवण माझं. आठशे ताटं असली तरी माझं आणि तीनशे असली तरी माझं, त्यात कोणी बोलायचं नाही. (@कोल्हापुरी पायताण, मी त्यांना काही शिकवलं नव्हतं, शप्पथ.) त्यावर काकाच म्हणाले, मग पाचशे करा.

निघालं ते असं. रिसेप्शन वेगळं नाही. डीजे नाही, बँजो आहे, त्यावर दोन्हीकडची पोरं अडून बसली. पाटल्या आईच्या मोडून. लॉनची अनामत परत मिळत नाही, म्हणून लॉन तेच. त्याचं कर्ज मंजूरच झालं होतं, त्याने दीड लाखावर आणलं. मी साडेचार लाख घेतेय, ऑफिसच्या पतपेढीतून, १२ टक्के, चार वर्षं. हप्ता ११,८५० च्या आसपास. दोन जामीनदार लागले, एक माझी टीम लीडर झाली. हप्ता पगारातूनच कापला जाईल.

मामा अजून फोन उचलत नाहीत.

कायद्याचं बोला
पतपेढी असेल तर एक लक्षात ठेव. पुढे नोकरी बदललीस तर पगारातली कपात थांबते आणि थकलं की आधी जामीनदाराला नोटीस जाते. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला तर तिच्याही पगारावर येतं. राजीनामा द्यायच्या आधी उरलेली रक्कम दुसरीकडे वळव, त्या टीम लीडरला अंधारात ठेवू नकोस.

कृष्णाकाठची
हे माहीत नव्हतं. तिला आजच सांगते.

गुळाची ढेप
माझ्या भावाचं मे मध्ये आहे, म्हणून विचारतो. ते मुख्य तथ्य पत्रक पतसंस्था पण देते का? आणि केटररशी पाचशेचं कसं ठरवलंत? आमचा म्हणतोय सहाशेचे पैसे आधी धरा.

हिशेबी नाना
तो नियम बँका आणि वित्त कंपन्यांचा. पतसंस्थेत मंजुरीपत्र आणि हप्त्यांचा तक्ता लेखी माग, सपाट दर की घटता ते त्यावर लिहून घे.

कृष्णाकाठची
@गुळाची ढेप, आबांनी ठरवलं ते सांगते. साडेचारशेची हमी, वरची ताटं मोजून, मोजायला आमचा एक आणि त्यांचा एक माणूस. ताटं भाड्याची आणि धुऊन परत वापरायची असतील तर मोजणीत घोळ होतो, म्हणून पत्रावळीच्या गठ्ठ्यावरून मोजायचं ठरलंय. सहाशेचे आधी देऊ नका. लग्नाच्या दिवशी उरलेल्या दीडशे ताटांचे पैसे मागायला कोणाला वेळ नसतो.

कोल्हापुरी पायताण
आन् वाढपी आणि बँजोवाल्यांची ताटं त्यात धरायची का नाही, ते पण आधीच बोलून घ्या. आमच्याकडं त्याच्यावरनंच भांडान झालं होतं.